ओट्याची उंची

मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी थांबल्या आणि कल्याणपुढच्या पट्ट्यात, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात, मुंबईची कार्यालयं घरांत शिरली. दोन खोल्यांच्या, वन आरकेच्या, फार तर वन बीएचकेच्या या घरांत कामाला बसायची जागा ठरलेली नव्हती. कुणी पलंगावर पाय पसरून लॅपटॉप मांडीवर घेतला, कुणी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर बस्तान मांडलं, कुणी प्लास्टिकच्या खुर्चीवर आठआठ तास काढले. काही आठवड्यांत कंबर बोलायला लागली. मग लॅपटॉप उभ्याच्या उंचीवर चढू लागला. स्वयंपाकाचा ओटा, इस्त्रीचं टेबल, बुटांचं कपाट, खिडकीचा रुंद कट्टा, डायनिंग टेबलावर ठेवलेला पूजेचा चौरंग, जे हाताशी होतं त्याचं उभ्यानं काम करायचं मेज झालं. हे परदेशी कंपन्यांचं फॅड आहे आणि आपल्याकडे ते महासाथीनं आणलं, असं तेव्हापासून ऐकू येतं. मला ते पटत नाही. या तीन गावांच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाकडे कामाच्या उंचीच्या बाजूनं पाहिलं, तर दोन गोष्टी दिसतात. उभ्यानं काम करायची जागा इथल्या घरात फार आधीच आली होती, आणि तिची उंची ठरवताना तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. काम करणाऱ्यानं आपल्या कोपराच्या मापानं पृष्ठभाग वरखाली करणं, यात जे नवं आहे ते एवढंच आहे, आणि ते किरकोळ नाही.

आधी जमिनीचा काळ पाहू. महाराष्ट्रात लिहिण्यापासून रांधण्यापर्यंत जवळजवळ सगळं काम जमिनीलगत होत असे. पेशवाईतला कारकून मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून बसायचा, कागद त्या गुडघ्यावर टेकवायचा आणि बोरूनं मोडी ओढायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली लाखो कागदपत्रं अशी, टेबलाशिवाय, लिहिली गेली. पुढे पेढ्यांवर आणि कचेऱ्यांत उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क आलं, पण माणूस गादीवरच राहिला. सुतार लाकूड पायाच्या पंजात धरून रंधा मारायचा. त्याचा पाय हाच त्याचा शिकंजा होता. दुकानदार गादीवर, शाळकरी पोर पाटी घेऊन सारवलेल्या जमिनीवर. घरात चूल आणि तिला जोडलेला वैल जमिनीवर, जातं जमिनीवर, उखळ जमिनीत पुरलेलं, पाटा-वरवंटा भिंतीच्या कडेला, विळीवर पाय टेकवून भाजी चिरायची आणि भांडी मोरीत उकिडवं बसून घासायची. या सगळ्या बसण्यात एक गोष्ट आपोआप घडत होती: माणूस सारखा उठत होता. पाणी आणायला, सरपण सारायला, फडताळातलं काढायला, वाढायला. एका बैठकीचा ताण फार वेळ एकाच मणक्यावर राहत नव्हता. अर्थात त्या जगातल्या पाठी निरोगी होत्या असं मी म्हणणार नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात दिवसभर वाकून बसणाऱ्या शिंप्यांच्या बाकलेल्या पाठींची नोंद आहे. त्यानं उभ्यानं राबणाऱ्यांच्या पायांवरच्या फुगलेल्या शिरांबद्दलही लिहिलं. पुढच्या, १७१३ च्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांचं प्रकरण घातलं आणि सततचं बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण ही त्यांच्या दुखण्याची कारणं सांगितली. कुठल्याही एका अवस्थेत डांबलेला माणूस दुखणारच, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून झालेलं आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

उल्हासनगरचा आरंभ हा घर आणि कामाची जागा एकच असण्याचा आरंभ आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. पण आजही पत्ता सांगताना माणसं ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असंच म्हणतात. सैनिकांना रात्री झोपायला बांधलेल्या लांबट बराकींत कुटुंबं पडदे आणि फळ्या लावून राहिली, आणि त्याच भागात त्यांना पोट भरायचं होतं. पापड लाटणं, मिठाई करणं, शिवण, छोट्या यंत्रांवरची कामं, सगळं राहत्या जागेत सुरू झालं. अशा जागेत फर्निचरला एकच काम सोपवून चालत नाही. खाट रात्री झोपायची आणि दिवसा माल पसरायची. तिच्या पायांखाली विटा रचून ती उचलली की खाली ट्रंका आणि पिंपं सरकवता येतात. मुंबईच्या चाळीतही हे होत होतंच. सामानाची उंची विटांनी, फळ्यांनी, खोक्यांनी बदलून घेणं ही या पट्ट्यातल्या घरांची अंगवळणी पडलेली रीत आहे, आणि २०२० मध्ये टेबलाच्या पायांखाली जे काही सारलं गेलं ते याच रीतीचं पुढचं पाऊल होतं. याच गावात पुढं फर्निचरचा मोठा बाजार उभा राहिला. ठाणे जिल्ह्यातल्या मध्यमवर्गीयांची किती लग्नं उल्हासनगरच्या कपाटावर, डबल बेडवर आणि डायनिंग टेबलावर उभी राहिली, ते त्या बाजारातून एकदा फिरलं तरी लक्षात येतं.

पण कामाची उंची आणि माणसाची पायरी यांचं नातं पाहायचं तर उल्हासनगरच्या जीन्सच्या धंद्याकडे पाहावं. इथं एका पँटमागे तीन उंचींवर माणसं काम करतात. कटिंग मास्टर लांब टेबलापाशी उभा असतो. कापडाचे थर त्याच्या कमरेच्या वर येतात, तो टेबलाभोवती फिरतो, खडूनं आखतो आणि सरळ पाती असलेलं यंत्र थरांतून चालवतो. कारागीर शिलाई मशीनवर बसतो; पायाखाली पेडल, नजर सुईवर, मान खाली. आणि तयार पँटचे लोंबणारे धागे कापणारी बाई जमिनीवर बसते, बऱ्याचदा स्वतःच्याच घरात, नगामागे मिळणाऱ्या पैशांवर. मास्टरला मान, कारागिराला मजुरी, बाईला चिल्लर. उभा असलेला इथं सर्वांत वरचा आहे, कारण त्याच्या उभं राहण्यात फिरणं आहे, थांबणं आहे, वाटलं तर स्टूल ओढून बसणं आहे. टेबलाची उंचीही त्याच्या हाताला बेतलेली असते, कारण एक चुकीचा काप म्हणजे थरच्या थर वाया. मालकाला जिथं मालाची काळजी वाटली तिथं कामाची उंची नीट बेतली गेली. बाकीच्या दोघांच्या पाठीची किंमत मालाच्या हिशेबात धरलेली नव्हती.

अंबरनाथला उभं राहणं वेगळ्या वाटेनं आलं. स्वीडिश भांडवलाच्या विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना इथं स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी आला. नंतर संरक्षण खात्याचा आयुधनिर्माणी कारखाना, १९५३ ची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि पुढं एमआयडीसीची वसाहत. लेथवर काम करणाऱ्यानं पाळीभर उभंच राहायचं असतं, कारण यंत्र तसं घडवलेलं असतं; त्याच्या दांड्यांची उंची ज्या देशात आराखडा निघाला तिथल्या सरासरी पुरुषाची. आपला कामगार बुटका पडला तर यंत्रापुढं लाकडी फळ्यांचं बुटकं व्यासपीठ टाकायचं, हा कारखान्यांतला जुना उपाय आहे. तेलानं निसरड्या झालेल्या फरशीपासून आणि सिमेंटच्या गारठ्यापासूनही ते वाचवतं. उंची जुळवायची जुगाडू हुशारी घरात जशी होती तशी कारखान्यातही होती, असा त्याचा अर्थ. मात्र इथल्या उभं राहण्यात फिरणं नव्हतं, आणि बसायची मुभा तर मुळीच नव्हती. अशाच कामासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ आलं: ज्यांना उभं राहून काम करावं लागतं, त्यांना कामात संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय कारखान्यानं ठेवली पाहिजे. दुकानांतल्या कामगारांना असा हक्क मिळायला फार उशीर झाला. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायदा बदलून तो दिला. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या मुलींनी त्यासाठी आवाज उठवला होता. उभं राहण्याचे गुण गाताना हे कायदे का करावे लागले ते विसरता येत नाही.

आता ओटा. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. आपल्या घरातली उभ्यानं काम करायची पहिली कायमची जागा म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आणि तिचा इतिहास इंधनाचा इतिहास आहे. चूल जमिनीवर होती, तोवर बाई पाटावर बसूनच रांधत होती. प्रायमसचा पंपाचा स्टो आला तरी तो बराच काळ जमिनीवरच राहिला. भर्र आवाज करत पेटलेल्या स्टोपुढं बाई बसलेली, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचं शहरी चित्र होतं. १९५५ मध्ये बर्मा-शेलनं मुंबईत ‘बर्शेन’ या नावानं सिलिंडरचा गॅस विकायला आणला आणि हे चित्र बदलायला लागलं. सिलिंडर दोन फुटांहून उंच असतो, तो उभाच ठेवावा लागतो आणि शेगडी त्याच्या माथ्यापेक्षा वर असावी, अशी सुरक्षेची सूचना असते. म्हणजे गॅस घरात आला की शेगडी जमिनीवर राहूच शकत नाही. तिला उचलायचं तर खाली कट्टा हवा. आणि कट्ट्यावरच्या शेगडीवर रांधायचं तर बाईनं उभं राहायला हवं. चौकोनी विटांच्या भिंती, वर कडप्प्याची फरशी, खाली सिलिंडरचा कोनाडा: ओट्याचं हे रूप सिलिंडरनं ठरवलं. बाकीचं सामान त्याच्यामागून वर चढलं. मोरीची जागा सिंकनं घेतली, पाट्या-वरवंट्याची मिक्सरनं, विळीच्या जोडीला सुरी आली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं यादीत नाव ठेवून थांबावं लागे, त्यामुळे हा बदल एका फटक्यात झाला नाही. पण पिढीच्या आत कल्याणपुढच्या नव्या इमारतींतून जमिनीवरचा स्वयंपाक संपला.

या बदलाला बायकांची सुटका म्हणतात आणि त्यात मोठं सत्य आहे. धुरानं डोळे जाणं थांबलं, पदर पेटण्याची भीती घटली, उठबस कमी झाली. पण उठबस कमी झाली याची दुसरी बाजू ही की, जी हालचाल कामात आपोआप होत होती ती गेली आणि तिच्या जागी तासन्‌तास एकाच फरशीवर उभं राहणं आलं. युरोपात १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईनं फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी छोटं, नेटकं स्वयंपाकघर आखलं. एकेक पाऊल मोजून आखलेल्या त्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी कामाचा कट्टा होता आणि त्याच्यापुढं फिरतं स्टूल, निवडणं-चिरणं बसून करता यावं म्हणून. आपल्या ओट्याखाली सिलिंडर, कचऱ्याचा डबा आणि कांद्याबटाट्याची टोपली आली. गुडघे घालायला जागा राहिली नाही, म्हणून स्टूलही आलं नाही. उंचीचं तर विचारायलाच नको. ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांवर बांधतात. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे, म्हणजे तिचं कोपर जमिनीपासून साधारण ३८ इंचांवर येतं. पोळ्या लाटायला, कणीक तिंबायला, खाली दाब द्यावा लागणाऱ्या कामाला कोपराखाली चार-पाच इंचांचा ओटा बरा पडतो. पण उंच बाईला तोच ओटा वाकवतो, बुटक्या बाईला शेगडीवरच्या पातेल्यात डोकावताना खांदे उचलायला लावतो. ओटा गवंड्याच्या सवयीनं बांधला जातो, घर घेताना कुणी आपल्या कोपराचं माप दिल्याचं ऐकिवात नाही. चाळीस वर्षं एका चुकीच्या उंचीवर उभ्या राहिलेल्या बाईच्या कंबरदुखीला घरात ‘वय झालं’ असं कारण मिळतं. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि या लेखाचा आग्रह तिथून येतो.

बदलापुरात या साऱ्याला प्रवासाची जोड मिळाली. रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये आणि कल्याणला १८५४ मध्ये पोचली. पण बदलापूर हे मुंबईला कामाला जाणाऱ्यांचं मोठं गाव झालं ते गेल्या तीन-चार दशकांत, मुंबईत घर परवडेनासं झाल्यावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर, गाडी धिमी की जलद त्यानुसार दीड तासाच्या आसपास. जाऊन येऊन तीन तास, त्यातला बराचसा उभ्यानं, दुसऱ्याच्या कोपरात आपली बरगडी अडकवून. मग मधले आठ तास खुर्चीत. इथल्या चाकरमान्याच्या दिवसात उभं राहणं भरपूर होतं आणि बसणंही भरपूर होतं. दोन्हींपैकी एकही त्याच्या मर्जीचं नव्हतं. त्याला लोकलमध्ये बसावंसं वाटे आणि कार्यालयात उठावंसं वाटे. २०२० मध्ये प्रवास गेला, पण त्याच्याबरोबर जिने चढणं, पूल ओलांडणं, स्टेशनपर्यंत चालणं हेही गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बायकांना, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांना लोकल खुली झाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन लसमात्रा घेतलेल्यांना प्रवास करता आला. मधल्या या दीड वर्षात पाठीनं जो हिशेब मागितला, त्याला उत्तर म्हणून चौरंग टेबलावर चढला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बहुधा असा येईल की आपली जमिनीवरची बैठकच खरी, टेबल-खुर्ची आणि उभं मेज ही दोन्ही परक्यांची वेडं आहेत. जमिनीवरून दिवसातून अनेकदा उठणारा माणूस मांड्यांची ताकद राखून असतो, हे मी मान्य करतो. पण त्या बैठकीचा गुण मांडीत नव्हता, उठण्यात होता. लॅपटॉप चौपाईवर ठेवून तीन तास मांडी घालून बसणाऱ्याला पूर्वजांची बैठक मिळते, त्यांची उठबस मिळत नाही. पडदा खाली राहतो, मान झुकते, कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते. शिवाय गुडघे झिजलेल्या साठीच्या माणसाला जमीन हा पर्यायच नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: उभं राहून पाठ बरी होते याला पुरावा काय? इथं प्रामाणिक राहायला हवं. १९६० च्या दशकात आल्फ नाखेमसन या स्वीडिश शल्यविशारदानं मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि उभ्यापेक्षा बसलेल्या माणसात तो जास्त असतो असं दाखवलं. उभ्या मेजाच्या कैवाऱ्यांचा हा आवडता दाखला आहे. पण १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी पुन्हा मोजलं तेव्हा सैल बसलेल्या माणसात तो दाब तेवढा भरला नाही. उभ्या-बसत्या मेजांच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बसण्याचा वेळ घटतो एवढं दिसलं. आरोग्यावरच्या परिणामाचा पुरावा तोकडा निघाला. तेव्हा ओट्यावर लॅपटॉप ठेवला की दुखणं पळेल, असं कुणी सांगू नये. पायात मुंग्या येत असतील, एक पाय अशक्त वाटत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर चौरंग शोधत बसू नये, डॉक्टरकडे जावं. मात्र पाठदुखीच्या उपचाराचा इतिहास एका दिशेनं ठाम बोलतो. पूर्वी कंबर धरली की आठवडाभर अंथरुणात पडून राहायला सांगत. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती तुलनेला लावली. सात दिवस पडून राहिलेल्यांना जास्त काही मिळालं नाही, कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. त्यानंतर साध्या कंबरदुखीत हिंडतं-फिरतं राहायला सांगण्याकडे वैद्यकाचा कल गेला. पाठीपलीकडचं पाहायचं तर जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास आहे: दिवसभर बसणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहक नुसते उभे नव्हते, ते हलत होते. घरच्या उभ्या मेजाचा उपयोग याच कारणासाठी आहे. ते बसण्याची जागा घेत नाही. बसून झाल्यावर जायला दुसरी जागा देतं.

तिसरा आक्षेप कामगारांच्या बाजूनं येतो. लेथवर, दुकानात, ओट्यापुढं आयुष्य उभं काढणाऱ्यांच्या गावात कार्यालयीन माणसाच्या उभं राहण्याचं कौतुक कशाला? या आक्षेपाचा मला आदर आहे, आणि त्याला उत्तर कलम ४४ मध्येच आहे. त्या कायद्यानं उभं राहणं वाईट ठरवलं नाही. बसायची संधी नाकारणं गैर ठरवलं. लेथवाल्याला स्टूल हवं होतं आणि कारकुनाला उंच मेज, कारण दोघांनाही हवी होती ती अदलाबदलीची मुभा. कटिंग मास्टरला ती मिळाली, धागे कापणाऱ्या बाईला मिळाली नाही. उंची ठरवण्याचा हक्क ज्याच्याकडे नसतो त्याची पाठ आधी जाते, हे या तिन्ही गावांच्या धंद्यांतून दिसतं.

घरात ही मुभा उभी करायला फार काही लागत नाही, हे खरं. ३३ इंचांच्या ओट्यावर आठ-नऊ इंचांचा चौरंग ठेवला की पृष्ठभाग ४१-४२ इंचांवर जातो. साडेपाच फुटांच्या माणसाचं कोपर तिथंच येतं. सव्वापाच फुटांच्या बाईला चौरंग उंच होतो, तिला सहासात इंच पुरतात, म्हणजे एकावर एक दोन जाड पाट किंवा बांधीव रद्दीचे गठ्ठे. हात कोपरात काटकोनात राहावेत, खांदे उचललेले नसावेत, एवढं पाहिलं की झालं. लॅपटॉपची अडचण अशी की कळफलक जिथं हवा तिथं ठेवला तर पडदा खाली जातो, म्हणून लिहायचं काम जास्त असेल तर वेगळा कळफलक घेऊन लॅपटॉप डब्यांवर चढवावा. नुसत्या बैठका ऐकायच्या असतील तर तेवढंही नको. पायाखाली गार लादीवर तागाचं जाड पायपुसणं आणि शेजारी एक बुटका पाट, आळीपाळीनं एकेक पाय टेकवायला. कंबरेवरचा ताण त्यानं हलका होतो. अर्धा-पाऊण तास उभं, मग बसणं, मग पाण्याचा तांब्या भरायला उठणं. ओटा वापरायचा तर शेगडी बंद, सिंकपासून लांब आणि स्वयंपाकाची वेळ सोडून. मिक्सरच्या सॉकेटवर चार्जर लावताना ओल्या हातांनी नको.

आणि इथंच या सोयीचा इतिहासाशी सांधा जुळतो. ज्या पुरुषानं २०२० मध्ये ओट्यावर लॅपटॉप मांडला, त्याला दोन दिवसांत कळलं की ओटा बुटका आहे, आणि त्यानं चौरंग आणला. त्याच ओट्यावर त्याची आई, बायको वर्षानुवर्षं वाकून उभी होती. तिच्या भाजी चिरायच्या फळीखाली कुणी पाट सारला नव्हता, तिच्या पायाखाली कुणी तागाचं पायपुसणं टाकलं नव्हतं, निवडण-टिपण बसून करता यावं म्हणून ओट्याखालचा एक खण मोकळा ठेवला नव्हता. बदलापूर आणि अंबरनाथच्या कडेनं आजही नव्या इमारती वर चढत आहेत, आणि त्यांतले ओटे त्याच ठरावीक मापानं बांधले जात आहेत, ज्या मापाचं कारण एक सिलिंडर होता. आता तर कित्येक इमारतींत गॅस नळानं येतो. सिलिंडरचा कोनाडा रिकामा पडतो, आणि तिथं स्टूल घालून बसायला गुडघ्यांना जागा होऊ शकते. घर ताब्यात घ्यायच्या आधी ओट्याची फरशी बसते तेव्हा, जी माणसं तिथं रोज उभी राहणार आहेत त्यांना गवंड्यापुढं उभं करावं, कोपराखालचं माप घ्यावं आणि विटांचा थर त्याप्रमाणे ठेवावा. विटांच्या एका थराचा फरक तीन-चार इंचांचा असतो, आणि तेवढ्यासाठी बिल्डर जादा पैसे मागत असेल तर ते द्यावेत.